एक स्वर, पाच जागा

शाळेत असताना मामाच्या पेटीवर मी एक गाणे बसवले होते. रीत सोपी होती. पट्ट्यांवर कागदाचे आकडे चिकटवले, वहीत ते आकडे क्रमाने उतरवले आणि रोज तेवढेच दाबत राहिलो. आठ दिवसांत गाणे सफाईने वाजू लागले. मग मामा म्हणाला, "आता हेच काळी दोनवरून वाजव बघू." झाले! बोटे जागच्या जागी थिजली. मला आकडे पाठ होते, स्वर नव्हते.

संगीत कागदावर लिहिताना काय लिहावे? बोट कोठे ठेवायचे ते, की कोणता स्वर निघाला पाहिजे ते? पेटीवर हा प्रश्न फारसा जाचत नाही, कारण तेथे एका स्वराला एकच पट्टी असते. पण एका वाद्यावर तो फारच बिकट होतो. त्या वाद्याचे नाव 'चॅपमन स्टिक'.

दोन्ही हात मोकळे

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे राहणारे गिटारवादक एमेट चॅपमन यांना १९६९ साली वादनाची एक नवी पद्धत सापडली. गिटार वाजवताना एक हात तार पडद्यावर दाबतो आणि दुसरा ती छेडतो. म्हणजे एका स्वरासाठी दोन्ही हात गुंततात. चॅपमन यांनी तार छेडणेच सोडून दिले. बोटाने तार पडद्यावर हलकेच ठोकायची आणि तेथेच धरून ठेवायची. या ठोक्यानेच पडदा व घोडी यांच्यामधला तारेचा भाग कंप पावू लागतो. पडद्यामागच्या भागाचा आवाज दबावा म्हणून तारांच्या दुसऱ्या टोकाला मऊ अडसर असतो. आवाज अर्थातच क्षीण असतो. तो चुंबक व तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने विजेच्या रूपात घेऊन मोठा करतात.

एका हाताने स्वर निघाल्यामुळे दुसरा हात मोकळा झाला. साधारणपणे उजवा हात गाण्याची चाल वाजवतो आणि डावा खर्जाची साथ करतो. या पद्धतीसाठी बनवलेले दहा तारांचे वाद्य १९७४ साली विक्रीस आले.

आकडेमोड करू या

प्रत्येक पडद्यागणिक स्वर एक पायरी चढतो, म्हणजे त्याची कंप्रता सुमारे १.०५९५ पट होते. बारा पायऱ्या चढल्या की ती बरोबर दुप्पट होते. पेटीवरही काळ्या-पांढऱ्या मिळून एका सप्तकात बाराच पट्ट्या असतात.

स्टिकच्या नेहमीच्या जुळणीत उजव्या हाताच्या पाच तारांपैकी पहिली सर्वांत उंच असते. त्यापुढची प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा ५ पायऱ्या खाली लावलेली असते. आता सुमारे ३३० हर्ट्झ कंप्रतेचा स्वर घ्या. तो कोठे सापडेल?

पहिली तार : २ रा पडदा
दुसरी तार : ७ वा पडदा
तिसरी तार : १२ वा पडदा
चौथी तार : १७ वा पडदा
पाचवी तार : २२ वा पडदा

स्वर एक, जागा पाच! नुसता स्वर लिहून दिला, तर वादकाने यातली कोणती निवडावी? पाचही ठिकाणी कंप्रता तीच असली, तरी नादाची जात तीच नसते. जाड तारेचा आखूड तुकडा आणि बारीक तारेचा लांब तुकडा यांचे आवाज वेगळे येतात. शिवाय एका तारेवर एका वेळी एकच स्वर वाजतो, आणि बोटे काही रबराची नव्हेत. पुढचा स्वर आवाक्यात राहील अशीच जागा निवडावी लागते.

एक समीकरण, दोन अज्ञाते

पाच आडव्या रेषांची पाश्चात्य स्वरलिपी हा एक आलेखच आहे. डावीकडून उजवीकडे काळ जातो आणि खालून वर स्वराची उंची वाढते. तार आणि पडदा ही मात्र दोन अज्ञाते आहेत, आणि स्वर कळल्याने मिळते एकच समीकरण. म्हणून उत्तरे पाच येतात.

दुसरी लिपी आकड्यांची. ती तार व पडदा थेट सांगते, पण चाल चढते की उतरते हे डोळ्यांना दिसत नाही. एखादी तार उतरली असली, तरी आकडे बरोबरच दाबले जातात आणि कान मात्र झोपलेला राहतो. माझ्या पेटीचीच गत!

चॅपमन यांनी दोहोंचा मेळ घातला. आलेख तसाच ठेवला, स्वराच्या खुणेशेजारी तारेचा क्रमांक लिहिला आणि कोणते बोट वापरायचे ते खुणेच्या आकारावरून कळेल असे केले. पडद्याचा आकडा वेगळा लिहायची गरज उरली नाही. स्वर आणि तार कळली की पडदा एकच उरतो.

उदाहरणार्थ, ३३० हर्ट्झच्या स्वराशेजारी ३ हा आकडा आहे. तिसऱ्या तारेची मूळ कंप्रता सुमारे १६५ हर्ट्झ. ती दुप्पट हवी, म्हणजे तारेची लांबी निम्मी व्हायला हवी. तो झाला १२ वा पडदा. आकडा २ असता, तर पडदा ७ वा.

ही आकडेमोड सुरुवातीला सावकाश होते. चार ओळींना अर्धा तास लागला तरी नवल नाही. म्हणून आधी एकाच हाताची ओळ घ्यावी, स्वर तोंडाने गुणगुणावा, आणि मगच तार शोधावी. हा क्रम उलटा केला, तर मामाने माझी केली तीच फजिती व्हायची!

करून पाहा

डाव्या हाताच्या तारांची रचना उलट असते. सहावी तार सर्वांत खर्जाची आणि पुढची प्रत्येक तार ७ पायऱ्या वर. सहाव्या तारेवर १६ व्या पडद्याला मिळणारा स्वर सातव्या व आठव्या तारांवर कोणत्या पडद्याला मिळेल? आणि नवव्या तारेवर तो का मिळणार नाही?

(उत्तर : ९ व्या आणि २ ऱ्या. नवव्या तारेचा मूळ स्वरच त्याच्याहून ५ पायऱ्या उंच असतो.)