कॅप्सूलमधला समुद्र

कुंभार पिंपळगावहून समुद्र गाठायचा तर नगर-पुणं मागे टाकून घाट उतरावा लागतो. पण मेडिकलमधल्या पिवळ्या, पारदर्शक कॅप्सूलमधून तो इथल्या सांधेदुखीपर्यंत पोचलाय. आत असतं तारलीसारख्या समुद्री माशांचं तेल. ते सूज कशी उतरवतं?

सूज सुरू होते पेशीच्या आवरणात. आपण करडई, सोयाबीनचं तेल खातो. त्यातल्या मेदाम्लापासून शरीर ॲराकिडोनिक आम्ल बनवतं आणि आवरणात साठवतं. सांध्यात बिघाड झाला की पेशी ते सुटं करते. कॉक्स नावाचं एन्झाइम त्याचं प्रोस्टाग्लँडिन करतं आणि गुडघा ठणकू लागतो. ॲस्पिरिन हे एन्झाइमच अडवतं, असं जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं. १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं.

माशाचं तेल ॲस्पिरिनच्या एक पायरी आधी काम करतं. त्यातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं आवरणात ॲराकिडोनिकची जागा घेतात. चरक तोच, ऊस वेगळा! ईपीएपासून निघणारं प्रोस्टाग्लँडिन बरंच सौम्य असतं. शिवाय या दोन मेदाम्लांपासून रिझॉल्व्हिन नावाची द्रव्यं बनतात, ती सूज आवरती घेतात. मात्र आवरण बदलायला आठवडे लागतात. सकाळी कॅप्सूल घेऊन संध्याकाळी गुडघा चाचपण्यात अर्थ नाही.

‘आमच्याकडे जवस आहे की!’ आहे, आणि चटणी जरूर खावी. पण जवसातल्या ओमेगा-३चं ईपीए फार थोडं होतं, डीएचए तर जवळपास नाहीच. खरं तर माशालाही ते आयतंच मिळतं, सूक्ष्म शैवालातून. म्हणून माळकऱ्यांसाठी शैवालाच्या तेलाची कॅप्सूल आहे.

समुद्रातली औषधं माशांवरच थांबत नाहीत. कोकण-गोव्यात शिणाणे म्हणतात त्या हिरव्या शिंपल्यांच्या अर्कापासून कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सांधेदुखीसाठी कॅप्सूल तयार केली आहे.

आता माशाच्या तेलाची बाटली उलटी करा. पुढे ठळक १००० मिलिग्रॅम लिहिलंय, ते नुसतं तेल. मागे बारीक अक्षरात बहुधा ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे कामाचं ३००च. आमवाताच्या ज्या अभ्यासांत गुण दिसला, त्यांत रोजचा डोस साधारण ३ ग्रॅमचा होता. म्हणजे अशा दहा कॅप्सूल! वयानुसार झिजलेल्या गुडघ्यासाठी तर पुरावा आणखी कच्चा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तेल सुरू करू नका, आणि याच्या भरवशावर आमवाताचं औषध बंद तर मुळीच करू नका.