जोंगा कुणाच्या नावावर?

आमच्या रेवदंड्याच्या वाडीत, झापांच्या मांडवाखाली, एक जोंगा उभी असते. नाव ऐकून हसू येतं, पण ते एका लांबलचक इंग्रजी नावाचं आखूड रूप आहे, ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेम्ब्ली’. जपानच्या निसान पॅट्रोल गाडीवरून जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून जवळजवळ तीस वर्षं या गाड्या लष्करासाठी बनत होत्या. लष्करातून बाद झाल्या की लिलावात निघायच्या. तशीच एक मामंजींनी घेतली. नारळ-सुपारी वाहायला, असं घरात सांगितलं. खरी होती ती हौसच!

दोन वर्षांपूर्वी मामंजी गेले. तेरावं व्हायच्या आत भंगारवाला चौकशी करून गेला. धाकटे भावोजी म्हणाले, "वहिनी, टाका विकून. कोण निगा राखणार?" सासूबाई गप्प. रात्री मला म्हणाल्या, "अगं, गाडी यांच्या नावावर. मग आता ती कुणाची?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न काही जोंगापुरता नाही. दारातली स्कूटर असो की मारुती, गेलेल्या माणसाच्या नावावर ती वर्षानुवर्षं तशीच फिरत असते. अपघात झाला की विमा कंपनी आधी विचारते, मालक कोण? नियम असा आहे की, मालक गेल्यापासून तीस दिवसांत आरटीओला कळवायचं. मग तीन महिने गाडी वापरता येते आणि त्याच मुदतीत ३१ नंबरचा फॉर्म भरून ती वारसाच्या नावावर करायची. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी बुक, विम्याचे कागद. बाकीच्या वारसांची ना-हरकतही मागतात. भावोजींनी सही केली, जरा कुरकुरत.

मिलिटरीच्या गाडीचं आणखी एक असतं. बाणाची खूण असलेला तिचा लष्करी नंबर विक्रीनंतर चालत नाही. साधा नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी लष्कराकडचं मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे २१ नंबरचा फॉर्म, लागतं. म्हणून कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. ती अंगणातच शोभायची. रंगाचंही तसंच. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आमची निळी आहे. हिरवीगार जीप घेऊन किनाऱ्यावर मिरवणाऱ्या पाहुण्यांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही!

पेणच्या आरटीओत सासूबाई स्वतः आल्या, नऊवारी नेसून. चालवते मात्र मी. माल धरून साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला आपलं नेहमीचं मोटारीचं लायसन्स चालतं, जोंगा त्यात बसते. मोठ्या लष्करी ट्रकला वेगळं लागतं. पॉवर स्टिअरिंग नाही, वळवताना खांदे भरून येतात.

खरी लढाई खाऱ्या वाऱ्याशी. पत्रा वरून छान दिसतो आणि खालून पापडासारखा सुटतो. म्हणून समुद्राकडून आलं की गोड्या पाण्याने गाडी खालूनसुद्धा धुवायची, चाकांच्या आतली वाळू काढायची. पावसाळ्याआधी चासीला ऑईल, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन, ग्रीसच्या प्रत्येक पॉईंटला ग्रीस. पाण्यातून गाडी काढली तर ब्रेक ओले होतात, लागत नाहीत. हळू चालवत दोन-तीनदा दाबून सुकवायचे. पुळणीवर मात्र नेत नाही. भरती चार चाकांचं बघत नाही की सहा!

पेट्रोल फार पिते, चार लिटरचं इंजिन आहे. मेकॅनिक म्हणतो, डिझेल बसवा. पण इंजिन बदलायचं तरी आधी आरटीओची परवानगी हवी. शिवाय पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, तपासणी आणि पर्यावरण कर भरून. खर्च परवडतो का? नाही. नारळांच्या पैशातून सासूबाई त्यासाठी वेगळा डबा भरतात. परवा पुण्याचे एक हौशी गृहस्थ आले, चांगला भाव देत होते. ह्यांनी मान डोलावली. सासूबाईंनी चहा दिला आणि आरसी बुक आणायला मला आत पाठवलंच नाही.