लाल बुडाची दिवसपाळी

पहाटे ४.५०

गजर व्हायच्या आधीच जाग येते. चौतीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यातली पंधरा लहान मुलांच्या वॉर्डात. पाळी बदलायची वेळ अंगात मुरलेली आहे. लेकीची बाळंतपणाची रजा संपली आणि माझी निवृत्ती रद्द झाली. गेले दोन महिने मी डोंबिवलीत, नऊ महिन्यांच्या नातवाच्या ड्युटीवर आहे.

रात्रभराचा डायपर फुगून जड झालाय. हात लावला तर वरून कोरडा. त्यातली पावडर लघवी शोषून तिची जेली करते म्हणून तो ओला लागत नाही, आणि ओला लागत नाही म्हणून कुणी बदलत नाही. काढला. काल संध्याकाळी गुलाबी दिसत होतं ते आज लाल आहे. ढुंगणाचे दोन्ही गोल, मांड्यांचा वरचा भाग, पुढे थोडंसं. जांघेच्या घड्या ताणून पाहिल्या, आत नेहमीसारखी कातडी. घडी आधी बघायची. डायपर चिकटतो आणि घासतो तेवढंच लाल असेल, तर ती नुसती ओल आणि घर्षण. लाली घडीत शिरली असेल तर प्रकरण वेगळं.

कारण मला माहीत आहे. कान दुखत होता म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक झालं आणि कालपासून पातळ शी सुरू आहे. शी आणि लघवी एका डायपरात आली की शीतले जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. कातडीचा नेहमीचा आंबूसपणा जातो, आणि शीतून आलेली पाचक द्रव्यं जास्तच जोर धरतात. त्यांचं काम अन्न पचवायचं. समोर अन्न नाही, कातडी आहे. ‘बाळाची कातडी पचायला लागते गं,’ असं मी शिकाऊ मुलींना सांगायची. दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

कोमट पाणी, कापूस, साबण नाही. मग मऊ फडक्याने टिपायचं, पुसायचं नाही. तो हातपाय हलवत गाणी म्हणतोय. आग फक्त पाणी लागताना होते, तेव्हा मात्र ओठ काढतो.

६.३०

लेक आवरून उभी. एका हातात डबा, एका हातात फोन. आमच्यात ओव्हर दिल्या-घेतल्याशिवाय कुणी घर सोडत नाही. रात्री किती शी, किती दूध, सगळं वहीत लिहिलेलं.

“आई, मी घरगुती उपाय काढलेत. कोरफड, दही, मध, बेकिंग सोडा, मॅरिगोल्डचा लेप...”

“मध ठेव बाजूला. वर्षाच्या आतल्या मुलाला मध नको, आणि याचा हात आत्ता ढुंगणावर असतो, पुढच्या क्षणी तोंडात.” मधात एका जंतूची बीजं असू शकतात. तान्ह्याच्या आतड्यात ती रुजली की त्यांचं विष मूल लुळं पाडतं. बेकिंग सोडाही गेला. सोललेल्या कातडीतून तो रक्तात उतरतो, आणि असं होऊन आजारी पडलेल्या बाळांची नोंद डॉक्टरांच्या पुस्तकांत आहे. कोरफडीचा गर वाईट नाही, पण पान कापल्यावर सालीखालून जो पिवळा चीक येतो तो झोंबतो, आणि आमची कुंडी कबुतरांच्या वाटेवर आहे.

मॅरिगोल्डवर मी हसले. परदेशी मलमात असतो तो कॅलेंड्युला. आपला दसऱ्याचा झेंडू म्हणजे टॅजेटस. इंग्रजीत दोघांना एकच नाव पडलं म्हणून फुलं एक होत नाहीत. कुणाची तरी आजी आज तोरणातली फुलं वाटत बसली असेल.

“मग अंगावरचं दूध? मैत्रिणीने लावलं होतं.”

हे तिने निम्मं बरोबर सांगितलं. साध्या रॅशवर आईचं दूध सौम्य स्टेरॉइडच्या मलमाइतकं चाललं, असं एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं. दुसऱ्या एकात झिंकचं मलम त्याहून सरस ठरलं. मी म्हटलं, “दोन थेंब लाव, नुकसान नाही. पण आधी त्याच्या पोटात जाऊ दे.” अंगावर पिणाऱ्या मुलांची शी कमी झोंबरी असते, तो फायदा लावण्यापेक्षा पाजण्यात जास्त. लेक उभ्या उभ्या पाजून लोकलला पळाली.

८.१५

बाळोती. मी माझ्या दोन जुन्या सुती साड्या फाडून लंगोट केलेत. विकतच्या कापडी नॅपीपेक्षा धुऊन धुऊन विरलेलं सूत मऊ असतं. ते तीन पाण्यांतून काढते. तंतूत साबण राहिला तर लंगोटच रॅश आणतो. सुवासिक सॉफ्टनर नाही, जंतुनाशकाचं झाकणही नाही. वॉर्डात ते फरशीला असायचं.

आषाढात वाळवायचं कुठे, हा प्रश्न. माझी आजी संगमेश्वराकडे शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालायची आणि त्यावर बाळोती पसरायची. आमच्या घरातल्या सगळ्या पोरांना धुराचा वास होता. इथे पंखा आणि मग कडक इस्त्री. दमट लंगोट बांधण्यापेक्षा दर दोन तासांनी बदललेला डायपर बरा, हे मी कापडाची भक्त असूनही सांगते.

९.३०

मालिशवाल्या मावशी आल्या. बूड पाहून लगेच, “ताई, पावडर नाय लावत?”

मावशींशी माझं जुनं भांडण आहे आणि ते मी रोज हरते, कारण बाळ त्यांच्या हातात झोपतं. पावडरीवर मात्र मी हटत नाही. तिचा धुरळा छातीत जातो, आणि घडीत घामाशी मिळून गुठळ्या होतात, त्या घासतात. जुन्या काळी पावडरींत बोरिक असायचं, त्याने तर लेकरं दगावलीत. डाळीचं पीठ आणि साय आठवडाभर बंद, हळदही. हळदीच्या पिवळ्या डागाखाली लाली किती वाढली ते कळत नाही, आणि न कळणं मला नर्स म्हणून सहनच होत नाही. खोबरेल चालेल. अंगाला भरपूर, खाली पातळ हाताने.

“आमची पोरं काय डायपरात वाढली?” मावशी म्हणाल्या.

नाही वाढली. झबलं आणि टोपडं वर, खाली काही नाही. अंगणात, ओसरीवर, कुणाच्या तरी मांडीवर. मावशी त्याचं श्रेय तेलाला देतात, मला ते वाऱ्याचं वाटतं. दोघी गप्प बसलो.

११ ते १

खरा उपाय आता. जमिनीवर मेणकापड, त्यावर दुपटी, त्यावर नागडा नातू. दोन तास. सांगायला हे एका ओळीत संपतं: बाळाला उघडं ठेवा, वारा लागू द्या. करायला बसा मग. नऊ महिन्यांचं मूल मेणकापडावर राहत नाही. ते रांगत टीव्हीखाली जातं, सोफ्याच्या पायाला धरून उभं राहतं आणि तिथे धार सोडतं. ११.१० ला पहिली. ११.२५ ला माझ्या साडीवर. ११.५० ला शी, दुपट्यावर थोडी, फरशीवर बाकी, आणि मी पोचायच्या आत त्यात एक हात. त्याला उचलून न्हाणीघरात, धुणं, टिपणं, फरशी, परत. १२.२० ला पुन्हा धार. प्रत्येक वेळी मी वाकते, आणि गुडघा त्याची नोंद ठेवतो.

पण पाहा ना, १२.३० ला लाली उतरलेली दिसते. काही न लावता. ज्या घरात आई-बाप दोघं आठला बाहेर पडतात आणि मूल पाळणाघरात असतं, तिथे या उपायाची पुडी कुठून आणायची? वारा फुकट आहे, मागे फडकं घेऊन फिरणारं माणूस फुकट नाही. घरगुती उपायांच्या याद्यांत कोरफड लिहिलेली असते, हे माणूस कुणी लिहीत नाही.

मध्येच साताऱ्याहून विहीणबाईंचा फोन. “शतधौत घृत लावताय ना? मी मुद्दाम पाठवलंय.” तूप तांब्याच्या परातीत शंभर वेळा पाण्याने धुवायचं, दर वेळी पाणी काढून टाकायचं. शेवटी पांढरंशुभ्र, लोण्याहून हलकं काहीतरी होतं. आयुर्वेदात भाजल्यावर, आग होत असताना ते लावतात. त्यांनी दोन दुपारी घालवून ते केलंय, आणि त्यामागची तर्कसंगती मला पटतेही. कातडीवर स्निग्ध थर असला की ओल आत शिरत नाही. पण घरी केलेल्या, पाणी उरलेल्या तुपाचा पावसाळ्यात मला भरवसा नाही, निदान सोललेल्या जागी नाही. “लावतेय हो,” म्हटलं. लावतेच. माझ्या टाचांच्या भेगांना. भेगा छान भरल्यात.

१.१५

मऊ भात, कुस्करलेलं केळं, वाटीत काढून ठेवलेलं आईचं दूध. मग डॉक्टरांनी कालच जुलाबासाठी दिलेलं झिंकचं औषध, 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. शी थांबली तरी 14 दिवस पुरे करायचे. त्यानंतर खाली झिंक ऑक्साइडचं मलम. वरून जस्त, खालूनही जस्त.

मलम कसं लावायचं यात निम्मी माणसं चुकतात. क्रीमसारखं चोळून जिरवायचं नाही. भाकरीवर लोणी थापतात तसं थापायचं, खालची कातडी दिसता कामा नये. पुढच्या वेळी सगळं खरवडून काढायचंही नाही. वरची घाण तेवढी तेलाच्या बोळ्याने उचलायची आणि वर नवा थर द्यायचा. खरवडण्यानेच जास्त सोलतं.

हे मलम पाहिलं की लेक म्हणते, ‘पण हे नैसर्गिक नाही ना.’ आयुर्वेदातलं यशद भस्म म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइडच. आणि ब्रिटिश फार्माकोपियातल्या जुन्या झिंक-कॅस्टर मलमात झिंक ऑक्साइड साडेसात टक्के आणि निम्मं एरंडेल. आपल्या फडताळातलं एरंडेल. आता यातलं घरचं कुठलं आणि दवाखान्याचं कुठलं ते तुम्हीच ठरवा.

३.३०

तो झोपलाय. शेजारची मुलगी ट्यूब घेऊन आली. तिच्या बाळाला नाक्यावरच्या औषधवाल्याने दिली, ‘एका रात्रीत जातं’ म्हणून. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासॉल. स्टेरॉइडमध्ये हे अगदी वरच्या पायरीचं.

एका रात्रीत जातंच. लाली दबते आणि आई पुन्हा तीच ट्यूब आणते. डायपरच्या बंद, ओल्या जागेत औषध कित्येक पटींनी आत शिरतं. महिनोन् महिने ते लावल्यावर गाल चंद्रासारखे सुजलेली, अंगाची वाढ अडलेली बाळं मी वॉर्डात पाहिलीत. आया सांगायच्या, ‘गुटगुटीत झालाय हो.’ हळद, साय, तूप यांच्यावर मी सकाळपासून बोलतेय, पण खरी भीती मला या ट्यूबची आहे. डॉक्टर कधी सौम्य स्टेरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात, ते वेगळं. मी तिला चहा दिला, ट्यूब ठेवून घेतली आणि डॉक्टरांचा नंबर दिला.

५.४०

शी, आजची सहावी. धुतलं, टिपलं, खिडकीशी उजेडात धरलं. आणि दिसलं. डाव्या जांघेची घडी तळापर्यंत लालभडक, आणि त्या लालीच्या कडेबाहेर सुटे बारीक ठिपके. सकाळी नव्हते. टॉर्च घेऊन तोंड पाहिलं. जिभेवर, गालाच्या आत पांढरे चट्टे नाहीत. पण ठिपके पुरेसे आहेत. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मेले की बुरशीला मोकळं रान मिळतं, आणि तिला उबदार ओल लागते तीच डायपरात असते. आता खोबरेल, दूध, वारा यांच्याकडून बुरशी घालवायची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांचं निदान क्षणात केलं. स्वतःच्या नातवाच्या वेळी ‘उद्यापर्यंत बघू या का’ असं मनात आलंच. चप्पल घातली.

७.००

डॉक्टरांनी पाहिलं आणि एका वाक्यात मिटवलं: बुरशी. क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा पातळ, ते जिरलं की वर झिंकचा थर. लाली गेल्यावरही काही दिवस चालू ठेवायचं. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर परत यायचं. ताप आला, फोड किंवा पू दिसला, रक्त आलं, दूध नाकारलं तर त्याच दिवशी. मी मान डोलावत होते. हीच यादी मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले, आणि आज कागदावर लिहून मागितली. जावयासाठी.

१०.१५

जावई हात धुऊन समोर उभे. त्यांच्या हातात बाळ, माझ्या हातात वही. आधी बुरशीचं, मग झिंक. घडी ताणून बघा. टिपा, पुसू नका. डायपर एक नंबर मोठा आणलाय, तो सैल बांधा म्हणजे वारा खेळेल. त्यांनी पहिल्यांदा मलम थापलं ते आपल्या मनगटापर्यंत आलं, पण थर जाड होता.

वहीत शेवटची ओळ: शी 6, डायपर 5, लंगोट 9, उघडं एकूण 3 तास 10 मिनिटं. रात्री दोनचा गजर लावलाय, त्यांच्या फोनवर.