उन्हापासून लपवलेली वाळू

उभ्या छेदाचा वरचा पापुद्रा आधी खरडून काढायचा, मग पोलादी नळी आडवी धरून हातोड्याने आत ठोकायची. नळी बाहेर आली की दोन्ही तोंडं बंद करून लगेच काळ्या पिशवीत. थरच्या वाळवंटातल्या रखरखीत उन्हात हा आटापिटा कशासाठी, तर आतल्या वाळूला ऊन लागू नये म्हणून.

गाडल्या गेलेल्या क्वार्ट्झच्या कणावर आजूबाजूच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा किरणोत्सर्ग सतत पडत असतो. त्याने सुटे झालेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकून साठत जातात. ऊन लागलं की हा साठा मिनिटाभरात जवळजवळ रिकामा होतो. म्हणजे साठा मोजला की कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते कळतं.

नळी उघडते ती प्रयोगशाळेतल्या मंद तांबड्या दिव्यात. टोकांकडची वाळू किरणोत्सर्ग मोजायला बाजूला काढतात. मधल्या वाळूतला चुना हायड्रोक्लोरिक आम्लात जातो, फेल्डस्पार हायड्रोफ्लोरिक आम्लात. हे दुसरं आम्ल काच खातं, म्हणून भांडी प्लास्टिकची. उरलेले कण सेंटिमीटरभर चकतीवर चिकटवून त्यांच्यावर निळा प्रकाश सोडला की ते अगदी अंधुक अतिनील प्रकाश देतात. मग त्याच कणांना ठरावीक मात्रेचा किरणोत्सर्ग देऊन तुलना करायची. एकूण मात्रा ४० ग्रे (ग्रे हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) आणि हजार वर्षांना २ ग्रे असा दर निघाला, तर वय २०,००० वर्षं.

भागाकार सोपा, भाजक मात्र सरळ नाही. कणांमधलं पाणी किरणोत्सर्ग शोषतं, आणि आज कोरडा असलेला थर हजारो वर्षं किती ओला होता हे अंदाजानेच ठरवावं लागतं. नदीच्या वाळूची आणखी एक अडचण. वाऱ्याने उडालेल्या कणाला भरपूर ऊन मिळतं; गढूळ पुरातून आलेल्या कणात मात्र जुना साठा शिल्लक राहू शकतो. मग वय फुगतं. म्हणून तिथे एकेक कण सुटा मोजावा लागतो.

राजस्थानातल्या वाळूच्या टेकड्यांची अशी वयं अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. तेव्हा कण तापवून प्रकाश मोजत. डीडवान्याजवळच्या ‘१६ आर’ टेकडीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र आणि शरद राजगुरू यांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली होती. २०१० मध्ये याच टेकडीतून वाळूच्या हालचालींची सुमारे दोन लाख वर्षांची नोंद पुढे आली.

त्यातून निघालेलं चित्र मोठं उलटं आहे. हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, साधारण २०,००० वर्षांपूर्वी, थरच्या वाळवंटात टेकड्या फारशा वाढल्याच नाहीत. पुढे मोसमी वारा जोर धरू लागला तेव्हा त्या उभ्या राहिल्या, कारण वाळू हलवायला नुसता कोरडेपणा पुरत नाही, वाराही लागतो.

बिकानेरजवळच्या नाल इथल्या खाणीत नदीने याची जोडकथा सांगितली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वयांनुसार तिथली नदी सुमारे १,७२,००० आणि १,४०,००० वर्षांपूर्वी सर्वांत जोरात होती, आणि तेव्हा मोसमी पाऊस आजच्यापेक्षा कमजोर असावा. अर्थात इथे जरा जपून. अशा वयांत पाच ते दहा टक्के अनिश्चितता नेहमीची. पावणेदोन लाख वर्षांवर ती दहा-पंधरा हजार वर्षांची होते, आणि तेवढ्या काळात मोसमी पाऊस कमजोराचा जोरदारही होऊ शकतो.