अखेरच्या दर्शनाची अॅनाटॉमी

अमेरिकेत फ्युनरल डायरेक्टर व्हायचं तर बहुतेक राज्यांत मॉर्च्युअरी सायन्स शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. त्या अभ्यासात शरीररचनाशास्त्र असतंच. आपल्याकडे अंत्यविधी म्हटलं की भटजी, खांदेकरी आणि स्मशान डोळ्यांपुढे येतं; त्यात मानेतल्या धमन्या पाठ करणारा विद्यार्थी कशाला, असं वाटणं साहजिक आहे.

ही गरज अमेरिकेतल्या यादवी युद्धातून आली. १८६१ ते १८६५ या काळात दूरच्या रणांगणावर पडलेल्या मुलाचं तोंड घरच्यांना बघायचं होतं. थॉमस होम्ससारख्यांनी धमन्यांतून रसायन भरून मृतदेह टिकवायला, म्हणजे एम्बामिंग करायला, सुरुवात केली. १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा देह रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेला, तेव्हा वाटेतल्या शहरांत लाखोंनी दर्शन घेतलं आणि एम्बामिंग सर्वांना माहीत झालं. १८८२ मध्ये सिनसिनाटीत जोसेफ क्लार्क यांनी त्याची शाळाच काढली.

विद्यार्थ्याची पहिली खरी कसोटी मानेत लागते. मान वळवली की कानामागून छातीच्या हाडाकडे एक स्नायू दोरखंडासारखा उठून दिसतो. त्याच्या आड, एकाच आवरणात, तीन गोष्टी असतात: आतल्या बाजूला मुख्य धमनी, बाहेरच्या बाजूला मोठी शीर आणि दोघींच्या मागे मज्जातंतू. द्रावण आत सोडायला बहुतेक वेळा उजवी बाजू निवडतात, कारण तिकडची शीर जवळजवळ सरळ हृदयात उतरते आणि रक्त बाहेर काढणं सोपं जातं. धमनीतून हृदयाच्या दिशेने सोडलेल्या द्रावणाच्या दाबाने महाधमनीची झडप मिटते. मग द्रावण हृदयात न शिरता शाखाशाखांतून बोटांच्या टोकांपर्यंत पोचतं. जिवंतपणी रक्त मागे फिरू न देणारी झडप मरणानंतरही तेच काम करते, हे मला या शास्त्रातलं सर्वांत विलक्षण वाटतं. पण माणूस मधुमेही असेल, पायांच्या धमन्या चोंदलेल्या असतील, तर द्रावण खाली उतरत नाही. अशा वेळी जांघेतली धमनी शोधावी लागते. पाठांतर इथे कामाला येतं.

चेहऱ्याचा अभ्यास आणखी नाजूक. द्रावणातल्या फॉर्मॅल्डिहाइडने ऊती घट्ट होतात, म्हणून डोळे आणि ओठ आधीच नीट मिटवून घ्यावे लागतात. पापण्या बुबुळाच्या मधोमध मिळत नाहीत. वरची पापणी बरीच खाली येते आणि मिटल्याची रेघ खालच्या एक-तृतीयांश भागात पडते. ती थोडी वर सरकली तरी मुलगी म्हणते, ‘हे बाबांसारखे दिसत नाहीत.’ अपघातात कान गेला असेल, तर मेणाचा कान साधारण नाकाच्या उंचीचा घडवतात. डॉक्टर शरीर बरं करायला शिकतो, हा विद्यार्थी ओळख राखायला. दोघांच्या विद्येला मी सारखाच मान देईन.

आता अमेरिकेत दफनापेक्षा दहन जास्त होतं, तरी हे ज्ञान लागतंच. गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर असेल तर तो आधी काढावा लागतो. भट्टीत त्याची बॅटरी फुटते. आणि तिथल्या मराठी कुटुंबाला माणूस पुण्याला किंवा साताऱ्याला आणायचा असेल, तर विमानात शवपेटी चढवण्यासाठी मृत्यूच्या दाखल्याबरोबर एम्बामिंगचं प्रमाणपत्रही मागतात. त्यावर सही करणारा माणूस कधीकाळी याच धमन्या पाठ करत बसलेला असतो.