खुलासा पान पाचवर

मधले नाव मीच कापले होते. बातमी पोलिसांच्या पत्रकावरून केलेली, पहिल्या पानाच्या तळाशी एका कॉलमाची जागा, आणि आरोपीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव एका ओळीत बसेना. मी वडिलांचे नाव काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी साठीकडे झुकलेले एक गृहस्थ कार्यालयात आले. त्यांनी पिशवीतून रेशनकार्ड काढले, टेबलावर उघडून ठेवले आणि वडिलांच्या नावावर बोट टेकवून उभे राहिले. एकाच गावात, एकाच भावकीत, त्याच नावाचे दोघे होते. "साहेब, सकाळपासून तिघे विचारून गेले, जामीन कधी झाला म्हणून," एवढेच ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पाचव्या पानावर चार ओळींचा खुलासा आला: बातमीतील व्यक्ती आणि हे गृहस्थ वेगळे आहेत, वाचकांनी नोंद घ्यावी. चूक आमची होती, असे त्यात कुठेही नव्हते. त्यांनी दोन प्रती मागितल्या. एक मुलीच्या सासरी पाठवायची होती. प्रती बांधून देताना माझ्या ध्यानात आले की बातमी डाक आवृत्तीतही गेली होती आणि खुलासा फक्त शहर आवृत्तीत. मुलीच्या सासरी डाक आवृत्ती जात असे.

तेव्हापासून 'खुलासा' हा शब्द मला खुपतो. 'दुरुस्ती' म्हटले की चूक मान्य होते. 'दिलगिरी' म्हटले की तिचा त्रास कोणाला झाला हेही मान्य होते. खुलाशात मात्र वाचकाचा गैरसमज झाला होता आणि आम्ही तो दूर करतो आहोत, असा सूर लागतो. पूर्वी सगळा दोष मुद्राराक्षसाच्या माथी मारण्याची सोय होती. खिळे जुळवणारा कामगार गेला, तरी ती सवय राहिली.

प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत हा मुद्दा स्पष्ट आहे: तथ्याची चूक लक्षात आली की वृत्तपत्राने आपणहून, तातडीने आणि ठळकपणे दुरुस्ती छापावी, चूक गंभीर असेल तर दिलगिरीही व्यक्त करावी. पण १९७८च्या कायद्याने कौन्सिलच्या हाती समज देणे, ताशेरे ओढणे, निषेध करणे यापलीकडे काही दिलेले नाही. तक्रारदाराने आधी संपादकाला लिहायचे आणि तिथे दाद लागली नाही तर कौन्सिलकडे जायचे, अशी ती वाट आहे.

याच कौन्सिलचे अध्यक्षपद भूषवलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत स्वतः अशाच एका चुकीचे बळी ठरले. १० सप्टेंबर २००८ रोजी टाइम्स नाऊ वाहिनीने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी दाखवली. नाव दुसऱ्या एका न्यायमूर्तींचे होते, सावंत या आडनावाच्या जवळपास जाणारे. छायाचित्र मात्र सावंतांचे लागले. ते पडद्यावर राहिले पंधरा सेकंद. चूक कळताच छायाचित्र थांबले, पण 'आमच्याकडून चुकीचे छायाचित्र दाखवले गेले' हे लगेच सांगितले गेले नाही. सावंतांनी पत्र लिहिल्यावर पडद्याखालच्या पट्टीतून क्षमायाचना फिरू लागली, ती २३ सप्टेंबरपासून. एप्रिल २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटींची भरपाई ठरवली. अपील ऐकण्याआधी वीस कोटी रोख जमा करा आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्या, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

एवढ्या मोठ्या रकमेने बातमीदारी भेदरून जाईल, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो मला पटतो. शंभर कोटींचा धाक लहान वृत्तपत्राला पेलणारा नाही. पण त्या वादात मधले तेरा दिवस बाजूला पडले. चूक पंधरा सेकंदांची होती. जाहीर कबुलीला तेरा दिवस लागले. पहिली घाईत झाली, दुसरी ठरवून लांबली.

दुरुस्ती छापली तरी मनात काय उरते, याचे उत्तर मानसशास्त्राकडे आहे. १९९४ साली हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांनी एक प्रयोग मांडला. लोकांना गोदामाच्या आगीचे वृत्त तुकड्यातुकड्याने वाचायला दिले. आधी सांगितले की एका कपाटात रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. पुढे सांगितले की ती माहिती चुकीची, कपाट रिकामेच होते. दुरुस्ती वाचली, लक्षातही राहिली. तरीही काळा धूर एवढा कशाने झाला असे विचारल्यावर पुष्कळांनी रंग आणि गॅसकडेच बोट दाखवले. रिकाम्या कपाटाने धुराचे कारण काढून घेतले होते, त्या जागी दुसरे काही दिले नव्हते. म्हणून 'ते हे नव्हेत' एवढ्याने भागत नाही. चूक कशी झाली आणि खरे काय, हेही सांगावे लागते.

चूक सुधारण्याचे वचन अमेरिकेतल्या वृत्तपत्राच्या धंद्याइतकेच जुने आहे. बॉस्टनमध्ये २५ सप्टेंबर १६९० रोजी निघालेल्या 'पब्लिक ऑकरन्सेस'ने पहिल्याच अंकात सांगितले होते की झालेली चूक पुढच्या अंकात सुधारू. सरकारने पत्र बंद पाडले, पुढचा अंक निघालाच नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १८५३ साली सॉलोमन नॉर्थअप यांच्या आडनावात केलेली चूक ४ मार्च २०१४ रोजी, १६१ वर्षांनी, दुरुस्त केली. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला त्यात आदर दिसतो: फसवून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या, बारा वर्षे स्वतःचे नावही हिरावले गेलेल्या माणसाचे नाव बिनचूक छापले गेले.

आपल्याकडे 'द हिंदू'ने २००६ साली के. नारायणन यांना वाचकांचे संपादक नेमले. त्याआधी १९९७ मध्ये लंडनच्या 'गार्डियन'ने इयन मेझ यांना तसे नेमले होते. तक्रार ज्याच्याकडे जाते तो माणूस बातमी लिहिणारा नसावा, आणि दुरुस्तीची जागा रोज ठरलेली असावी, एवढीच त्यामागची व्यवस्था. आता संकेतस्थळांवर बातमी गुपचूप बदलता येते. सकाळचे नाव दुपारी दिसत नाही आणि सकाळी वाचलेल्याला कोणी कळवत नाही. पान पाचवरच्या खुलाशाचे निदान कात्रण काढून ठेवता येत होते.

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध चूक आपण चूक म्हणून आठवतच नाही. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला. आधार होता बर्व्यांच्या म्हणून आलेल्या पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रे बनावट निघाली. संपादक आगरकर आणि टिळकांनी माफी मागितली. खटला मागे घेतला गेला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि २६ ऑक्टोबरला ते डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले.

बनावट पत्रांवर त्यांचा विश्वास का बसला असावा, याचा मी पुष्कळ विचार केला. महाराजांचे हाल होत आहेत ही भावना त्या वेळी घरोघर होती, आणि पुढच्याच वर्षी महाराजांचा अहमदनगरला झालेला मृत्यू पाहता ती अनाठायी म्हणता येत नाही. जे खरे वाटते त्याचा पुरावा हातात आला की तो उलटून पाहायला मन राजी नसते. पंचविशीतल्या दोन प्रामाणिक माणसांचेही तेच झाले. पण त्यांनी माफी मागितली ती आधार नाहीसा झाल्यावर, आपण छापले ते खोट्या कागदांवरून हे कळल्यावर. आगरकरांनी पुढे त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले. त्या दिवसांचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. त्याआधीच्या माफीचा उल्लेख, आमच्या शाळेतल्या धड्यापासून संपादकीय विभागातल्या भाषणांपर्यंत, मी एकदाही ऐकला नाही.