लेखांक ७ : झाडीपट्टीचा मिक्सर आणि हेडफोन

मिक्सरच्या हेडफोन जॅकमधून किती मिलिवॅट बाहेर पडतील, हे एकट्या मिक्सरवर ठरत नाही. जॅक व्होल्टेज देतो. त्यातून किती शक्ती ओढली जाईल, ते जोडलेल्या हेडफोनच्या इम्पीडन्सवर अवलंबून असते. मागच्या आठवड्यातले सूत्र तेच सांगते : व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम.

या सूत्राचा खरा कस पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत लागतो. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने वडसा-देसाईगंजच्या नाट्यकंपन्या गडचिरोली, चंद्रपूर आणि शेजारच्या जिल्ह्यांत गावोगाव जातात. रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत चालतो. एखाद्या माईकमधून घरघर येऊ लागली, तर मिक्सरवरच्या माणसाला क्यू बटण दाबून तेवढा एक चॅनेल हेडफोनवर ऐकावा लागतो, आणि तोही ऑर्गन, तबला व लाउडस्पीकरांच्या गजरात.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. त्याची सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला सुमारे ९६ डेसिबल. ११० डेसिबलची क्षणिक शिखरे स्वच्छ हवी असतील, तर १४ डेसिबल वर चढावे लागते, म्हणजे सुमारे २५ मिलिवॅट. त्यासाठी २५० ओहमला अडीच व्होल्ट लागतात, ३२ ओहमला मात्र ०.९ व्होल्ट पुरतात. मोबाइलवर २५० ओहमचा हेडफोन दबलेला वाटतो तो यामुळेच. दोष हेडफोनचा नसतो, व्होल्टेज अपुरे पडते.

एका वाचकाचा प्रश्न आहे : हेडफोन बिघडला तर ॲडाप्टर लावून साधा इअरफोन चालेल का? वाजेल, पण धोका इथेच आहे. इअरफोन १६ ओहमचा आणि १ मिलिवॅटला ११० डेसिबल देणारा असेल, तर ११० डेसिबलसाठी त्याला ०.१३ व्होल्टच पुरतात. हेडफोनसाठी ठेवलेले अडीच व्होल्ट त्याच्यावर आले आणि मिक्सरने तेवढा प्रवाह दिला, तर हिशेब ३९० मिलिवॅटवर जातो. कागदावर हे १३६ डेसिबल होतात. एवढ्या शक्तीने इअरफोन जळू शकतो, आणि त्याआधी कानाला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे.

म्हणून मंडईसारख्या गजराच्या ठिकाणी जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर घेण्यापेक्षा कान नीट झाकणारा, बंद कपांचा हेडफोन घेणे कितीतरी शहाणपणाचे. बाहेरचा आवाज १५ डेसिबलने अडला, की तितकाच स्पष्ट आवाज ऐकायला शक्ती सुमारे एक-बत्तिसांश पुरते. उघड्या कपांचे हेडफोन घरी कितीही गोड वाजोत, मंडईत ते निरुपयोगी. बाहेरच्या गजरावर मात करण्यासाठी आवाज वाढतच जातो.

जोडणीचा क्रमही ठरलेला असावा. आधी हेडफोनचा नॉब शून्यावर, मग पिन जॅकमध्ये, मग हेडफोन कानावर आणि शेवटी नॉब हळूहळू वर. हेडफोन बदलला की नॉब पुन्हा शून्यावर, कारण जुन्या खुणेचा नव्या हेडफोनशी काही संबंध नसतो. माईकची वायर काढता-लावताना होणारा धडाका कानात येऊ नये म्हणून तेवढ्यापुरते क्यू बटण बंद ठेवावे.

जॅकच्या स्वतःच्या इम्पीडन्सचा विषय या आठवड्यासाठी कबूल केला होता. तो पुढच्या लेखांकात.